तिसऱ्या सकाळचे उत्तर

तिसऱ्या सकाळी पप्पा मागच्या खोलीतून बाहेर आले, टेबलाशी बसले, चहाचा कप पुढे ओढला आणि काहीच बोलले नाहीत.

बेचाळीस वर्षांत असे झाले नव्हते. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून या घराची पद्धत ठरलेली होती. प्रश्न मोठा असला की आई तो पप्पांपुढे ठेवायची. पप्पा ओळीने तीन सकाळी मागच्या खोलीचे दार लावून प्रार्थनेला गुडघे टेकायचे आणि तिसऱ्या दिवशी न्याहारीला येऊन सांगायचे. उत्तरे तीनच प्रकारची असत: हो, नाही, थांब. त्यांना कारणे जोडलेली नसत. कारणे विचारायची नसतात हे मुलांना आईनेच शिकवले होते, कारण उत्तर पप्पांचे नसे, देवाचे असे. पप्पा फक्त ते घेऊन येत. नोकरीतही त्यांचे काम साधारण याच जातीचे होते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून ते पितळी वजनांची पेटी घेऊन बाजारभर फिरले. किलो म्हणजे किती, हे त्यांनी कधी ठरवले नाही. ते दुसरीकडे ठरलेले होते. त्यांनी ते दुकानोदुकानी नेले. व्यापारी त्यांना तराजूसाहेब म्हणत, आणि पाठीमागे आणखी काही म्हणत असले तरी त्यांचा शिक्का खोटा आहे असे कुणी कधी म्हटले नव्हते.

"अहो," आई म्हणाली, "आज तिसरा दिवस."

"माहितीये."

"मग?"

"उपासनेहून आल्यावर बोलू."

"इस्पितळातली फॉर्म घ्यायची खिडकी पाचला बंद होते म्हणे."

"पाचच्या आत बोलू."

आईने मान डोलावली. कप खाली ठेवण्याआधी बशी कुठे आहे ते तिने बोटांनी चाचपले. पप्पांनी ते पाहिले आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

*

प्रश्न काय आहे हे घरात सुनेइतके नेमके कुणालाच ठाऊक नव्हते, कारण तो तिनेच मोजला होता. डोळ्यांच्या इस्पितळात ती तपासणीच्या यंत्रावर काम करत असे. पांढऱ्या घुमटात तोंड घालून, हनुवटी टेकून, समोरच्या ठिपक्यावर नजर रोखायची. कडेला कुठे उजेड चमकला की हातातले बटण दाबायचे. त्या यंत्राची एक खोडी होती. मधूनमधून ते नुसताच खट्ट आवाज करी आणि उजेड दाखवतच नसे. न दिसलेले दिसले म्हणणारे त्यात बरोबर सापडत. सुनेच्या अनुभवात दहातले चार जण सापडत. खोटेपणाने नव्हे, समोरच्याला निराश करू नये म्हणून. आईंनी एकदाही खोटे बटण दाबले नव्हते.

म्हणूनच कागदावर आलेल्या नकाशाबद्दल शंकेला जागा नव्हती. उजव्या डोळ्याचा सगळा नकाशा काळा होता, मध्ये नाण्याएवढा पांढरा भाग उरला होता. डाव्या डोळ्याला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत होता, इतकेच. काचबिंदू कडेकडून खात येतो. गणवेश शिवण्यात जन्म गेलेली आई अजून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवत होती आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटत होती. घरच्यांनी दोरा पाहिला, खांदा पाहिला नाही.

चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळे निम्म्याहून अधिक शाबूत होते. नुसत्या थेंबांनी डोळ्यातला दाब आवरत नाही, शस्त्रक्रिया करून घ्या, असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते. पप्पा तीन सकाळी बसले आणि 'थांब' घेऊन आले. आई थांबली. थेंब चालू राहिले, तपासणीच्या खेपा मात्र हळूहळू बंद पडल्या. थांबायचेच आहे तर मोजायचे कशाला?

सून तेव्हा या घरात नवी होती आणि गप्प बसली होती. हे वाक्य ती स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहत असे. दोन्ही भाग खरे होते. पहिला दुसऱ्याचे कारण म्हणून मात्र पुरत नव्हता.

आता गेलेले परत येणार नव्हते. उरलेले नाणे राखायचे, तर उद्या सकाळी सातला भरती व्हायचे आणि आज पाचच्या आत सही केलेला फॉर्म द्यायचा. नाहीतर ती जागा दुसऱ्याला. शंभरात दोन-तीन जणांचा उरलेला डोळाही शस्त्रक्रियेच्या टेबलावरच जातो, हेही तिने आईंना सांगितले होते. आईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "यांना विचारते."

*

जेवणानंतर थोरली मुलगी, ताई, आली. ती महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होती आणि सोळा वर्षांत चर्चमध्ये उपासनेला गेली नव्हती. पायरीवर धाकटा भाऊ, सुनेचा नवरा, उभा होता. आगारात बसगाड्यांची वेळापत्रके लावणाऱ्या या सहा फुटी माणसाला ती अजून टिल्लूच म्हणायची.

"ताई, आल्याआल्या सुरू करू नकोस."

"मी अजून चप्पल काढतेय, टिल्लू."

"तोंड बघूनच कळतं तुझं."

"तोंड जन्मापासून असंच आहे. उत्तर आलं का?"

"आलं असणार. पप्पा सांगतील. वेळ लागतो कधीकधी."

"का? रविवारी तिकडेही सुट्टी असते?"

"हेच ते. हेच. तुला हसायचंय तर हस, पण या घरात बेचाळीस वर्षांत एक भांडण झालेलं मला दाखव. का नाही झालं? घराला एक मस्तक होतं म्हणून. एका बसवर दोन ड्रायव्हर बसवले तर बस कुठे जाईल?"

"मस्तक म्हणतोस तर मस्तकाला डोळेही असतात रे. आणि तुझ्या बसमधून प्रवाशाला निदान उतरता येतं."

"आईला कुणी धरून ठेवलंय? तिनं स्वतःहून मानलंय. अधीन असणं म्हणजे गुलामी नव्हे, हे तिनंच आपल्याला सांगितलंय."

"सांगितलंय खरं," ताई म्हणाली. तिने दुसरी चप्पल काढली. चार वर्षांपूर्वी 'थांब' आल्याचे आईने फोनवर कळवले, तेव्हा आपण काय केले होते हे तिला आठवत होते. ती हसली होती. "तुमचं तुम्ही बघा," असे म्हणून तिने फोन ठेवला होता, आणि आपण वादातून मोठ्या मनाने माघार घेतली असे कित्येक दिवस तिला वाटत राहिले होते. वाद घातला असता तर काय झाले असते, हा प्रयोग आता करता येणार नव्हता.

ती थेट मागच्या खोलीत गेली. पप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. उपासनेचा कोट अजून अंगात होता.

"पप्पा, उत्तर काय?"

"आलं नाही."

"म्हणजे थांब."

"नाही. थांब नाही. आलंच नाही."

ताईच्या वहीत शून्य आणि रिकामी जागा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शून्य म्हणजे मोजले आणि काही सापडले नाही. रिकामी जागा म्हणजे मोजणीच झाली नाही. वडिलांना हा फरक करताना ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि नेमक्या त्याच दिवशी तिला तो फरक नको होता.

"मग हो म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"बाहेर जा आणि हो आलं म्हणून सांगा. आई फॉर्मवर सही करील, उद्या तिचं ऑपरेशन होईल. संपलं."

"तू सांगतेस हे? तुझा तर विश्वासच नाही."

"आईचा आहे. तिच्या विश्वासाला जे लागतं ते द्या. एक अक्षर तर आहे."

"प्रयोगाच्या वहीत आकडा बनवला म्हणून तू पोरांना नापास करतेस."

"करते. त्या आकड्यावर कुणाच्या आईचा डोळा टांगलेला नसतो."

"चाचणी न करता शिक्का मारायला सांगतेस मला."

"पप्पा, आयुष्यभर तुम्ही—" ती थांबली.

पप्पांनी वर पाहिले. "बोल की. आयुष्यभर काय?"

"काही नाही."

"नाही, बोल. तू हुशार आहेस. तुला कधीपासून माहितीये?"

ताईला काहीच माहीत नव्हते. तिला फक्त संशय होता, आणि पुरावा नसताना बोलायचे नाही ही तिची शिस्त होती. पण त्या प्रश्नाने पुरावा तिच्या हातात आला, आणि तो हातात धरून काय करायचे हे तिला कळेना.

"बाहेर चला," ती म्हणाली. "तीन वाजून गेले."

*

आईला एका वेळी एकच माणूस दिसत असे. पुढच्या खोलीत चौघे बसले होते. ती ज्याच्याकडे मान वळवी तो असे, बाकीचे नुसते आवाज होत. तिने मान नवऱ्याकडे वळवली. आधी कोटाचे बटण सापडले, मग हनुवटी, मग तोंड.

"सांगा," ती म्हणाली.

"उत्तर आलेलं नाही."

"म्हणजे थांबायचं," टिल्लूचा आवाज.

"तसं नाही. मला काही ऐकू आलं नाही, एवढाच अर्थ."

"मग अजून तीन दिवस घ्या ना, पप्पा. घाई कुणाला आहे? पुढची तारीख—"

"पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे," सून म्हणाली. "त्या डोळ्याकडे सहा आठवडे नाहीत."

"तू मध्ये बोलू नकोस," टिल्लू म्हणाला.

"मी मध्ये बोलत नाहीये, आकडा सांगतेय. थेंब घालूनही दाब अठ्ठावीस आहे, एकवीसच्या आत हवा. आकड्याला मस्तक लागत नाही."

"बघितलंस ताई? तुझी शिकवणी."

"माझी कसली? ती माझ्यापेक्षा बरी बोलते."

"तिला बोलू दे रे," आई म्हणाली. "तिनं खरं तेच सांगितलंय मला, पहिल्यापासून. वाईटही सांगितलं." तिने हात गुडघ्यांवर ठेवले. "पण उत्तराशिवाय मी जाणार नाही. हट्ट नाही हा. तुम्ही समजून घ्या. मागे थांब आलं, मी थांबले. त्यात डावा डोळा गेला. म्हटलं, ठीक आहे, त्यानं मागितला, मी दिला. आता मनाला येईल तशी उठून गेले, तर तो डोळा मी कशासाठी दिला?"

ताईच्या सगळ्या तयारीत हा मुद्दा कुठेच नव्हता. आई आज्ञा पाळते हे तिने गृहीत धरले होते, आई त्या आज्ञेची किंमत चुकवून बसली आहे आणि आता तिला ती फुकट जाऊ द्यायची नाही, हे तिच्या लक्षात आले नव्हते.

"मागचंही आलं नव्हतं," पप्पा म्हणाले.

आईला त्यांचे तोंड दिसत होते. ते हलले होते, म्हणजे शब्द त्यांचेच होते.

"काय आलं नव्हतं?"

"थांब. चार वर्षांपूर्वी. तीन दिवस बसलो आणि काही ऐकू आलं नाही. मला भीती वाटली. टेबलावर तुला काही झालं तर मी काय करायचं, एवढंच डोक्यात. मग मी येऊन थांब म्हणालो."

"पप्पा, नका असं बोलू," टिल्लू उठला होता, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्ही दमलाय. तीन दिवस झोप नाही तुम्हाला."

"दमलोय. पण शुद्धीवर आहे. बस खाली."

आई हलली नाही. "आणि शिवणशाळेतली शिक्षिकेची जागा मिळत होती मला, त्याचं उत्तर आलं होतं? टिल्लू दोन वर्षांचा होता तेव्हा."

"नाही."

"त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणालात."

"ते मीच म्हणालो. तू दिवसभर बाहेर राहशील, पोरं लहान होती. मला नको होतं."

"ताईला बाहेर शिकायला बोलावलं होतं, ते?"

"आई, ते राहू दे," ताई म्हणाली. तिला वाटले होते त्यापेक्षा तिचा आवाज बारीक निघाला.

"राहू दे कसं? कधीच नाही आलं का हो? एकदाही?"

पप्पांनी विचार केला. प्रश्न टाळण्यासाठी नव्हे. त्यांना खरेच मोजून सांगायचे होते.

"दोनदा," ते म्हणाले. "कदाचित तीनदा. आत एकदम शांत झालं. ते उत्तर आहे असं मी मानलं, मनापासून मानलं. बाकीच्या वेळी काही नाही. पण दार उघडलं की तुम्ही सगळे टेबलाशी बसलेले असायचात, माझ्याकडे बघत. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

"आलं नाही म्हणायचं," ताई म्हणाली. "आज म्हणालात तसं."

"हो. एवढंच म्हणायचं होतं."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. गेल्या वर्षी तिला सहा महिन्यांच्या पुढच्या प्रशिक्षणाला जायचे होते. त्याने तीन सकाळी दार लावले होते, पप्पांसारखेच.

"अहो," ती हळू म्हणाली, "माझ्या कोर्सचं?"

टिल्लू फरशीकडे बघत होता. "इथे नको."

"नको. इथे नकोच."

तिने पुढे विचारले नाही. ती उठून आईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. टिल्लूने तिला जाताना पाहिले. लहानपणी अंधारात वडिलांचे बोट शोधावे तशी त्याची नजर पप्पांकडे गेली, आणि पप्पांकडे या वेळी द्यायला काही नव्हते.

"म्हणजे," आई म्हणाली. ती एकेक शब्द कापडावर टाचणी लावावी तसा लावत होती. "म्हणजे देवानं मला थांब म्हटलंच नव्हतं."

"नाही."

"बरं झालं सांगितलंत. चार वर्षं मी त्याच्यावर मनात राग धरून होते. वरून कधी दाखवला नाही. गुडघे टेकायचे, स्तुती करायची, आणि आत राग. माझाच डोळा कशाला हवा होता तुला, असा. आता त्याची माफी मागावी लागेल."

"आणि माझ्यावर?" पप्पांनी विचारले.

"तुमच्यावर तेव्हा कशाला धरला असता? तुम्ही निरोप आणणारे." तिची नजर त्यांच्या तोंडावरून घसरली होती, ती पुन्हा सापडायला वेळ लागला. "तुम्हाला वाटतं मी तुमचं ऐकत होते. टिल्लूलाही तेच वाटतं, म्हणून तो बायकोला गप्प बसवतो. मी तुमचं नव्हते हो ऐकत, देवाचं ऐकत होते. शास्त्रात नवऱ्याच्या अधीन राहायला सांगितलंय ते मी मानते, आजही मानते. पण नवऱ्यानंही स्वतःला द्यायचं असतं त्यात, स्वतः उघडं पडायचं असतं. तुम्ही एकदा म्हणाला असतात, की बाई, हे माझं मत आहे, मला भीती वाटते, तर मी ऐकून घेतलं असतं आणि मग भांडले असते. मला भांडता येतं. माझ्या माहेरी विचारा. शिवणशाळेवरून आठ दिवस भांडले असते. कदाचित तुमचंच ऐकलं असतं शेवटी. पण भांडले असते."

टिल्लूने ताईकडे पाहिले. भांडण न झालेल्या बेचाळीस वर्षांचा हिशेब त्याने पायरीवर मांडला होता, आणि तिला तो आता त्याला ऐकवता आला असता. तिने ऐकवला नाही.

"फॉर्म दे गं," आई म्हणाली.

सुनेने फॉर्म पाटीवर लावून आईंच्या मांडीवर ठेवला आणि सहीच्या रेघेवर बोट धरले. आईने आधी बोट शोधले, मग रेघ. सही केली. रेघ संपल्याचे तिला कळले नाही. शेवटची दोन अक्षरे कागदाबाहेर पाटीवर उमटली.

"आई, उत्तर आलेलं नाही अजून," टिल्लू म्हणाला. तो वाद घालत नव्हता. त्याला खरेच माहीत करून घ्यायचे होते की आता कसे करतात.

"नाही आलं. आणि डोळा गेला, तर तो माझ्या सहीनं जाईल. देवाच्या नावावर नाही टाकणार." तिने सुनेचा हात धरला आणि ती उभी राहिली.

पप्पाही उठले. कोटाच्या खिशापाशी त्यांचा हात उगाच गेला आणि परत आला.

"मग भांड माझ्याशी," ते म्हणाले. "आता भांड. मी काही म्हणणार नाही. काय वाटेल ते बोल."

आईने मान वळवून त्यांना शोधले. खांदा, गळा, मग चेहरा. त्या नाण्याएवढ्या उजेडात तो पुरता मावत नव्हता, म्हणून तिने तो हळूहळू, कपाळापासून खालपर्यंत पाहून घेतला.

"कशावरून भांडू?" ती म्हणाली. "ज्यावरून भांडायचं होतं ते सगळं होऊन गेलं."

मग ती सुनेकडे वळली. "चल गं. खिडकी बंद होईल."